फौजदारसाहेबांची शेवटची पाळत

...अहो, साधा कसला? कोण म्हणालं साधा? सासरे गेल्याला महिना झाला, त्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आलेल्या प्रत्येकानं माझा हात धरून सांगावं, "ज्युलियस, तुझा सासरा देवमाणूस होता हो!" होता ना! पण त्या देवमाणसाचा जावई होऊन बघा एकदा! मुलगी बघायला गेलो, तर चहा नाही, पाणी नाही, थेट प्रश्न. "गेल्या रविवारी सकाळी कुठं होतास?" म्हटलं, मिस्साला. "प्रवचन कशावर झालं?" आता तुम्हीच सांगा, प्रवचन कशावर झालं हे कुणाला आठवतं? मला घाम फुटला, तर हे आत तोंड करून बायकोला ओरडले, "इनेझ, घाम फुटलाय याला. पाणी मुरतंय कुठंतरी!"

फौजदार फर्डिनंड तुस्कानो! सगळी नोकरी ठाणे जिल्ह्यात, शेवटची नेमणूक वसईला, मग पेन्शन घेऊन भुईगावच्या वाडीत. वर्दी उतरली हो, पण संशय? संशय काही उतरेना! कोंबडीनं अंडं दिलं नाही की शेजाऱ्याची जबानी. न्हावी दाढी करताना हसला, तर "वस्तरा हातात असताना हसलास का?" आणि तरी तुम्हाला सांगतो, माया केवढी! माझ्या बायकोला, रोझमेरीला, लहानपणी टायफॉइड झाला, तेव्हा रजा टाकून तिच्या उशाशी बसले. औषध आधी स्वतः चाखायचे, मग लेकीला. का? कंपाउंडरवर भरवसा नाही!

तर हे असे आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचो. आणि एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, बायको रोज दुपारी टोपली घेऊन जाते कुठं?

मी त्या आठवड्यात सासुरवाडीला. मला केळीच्या आड ओढलं नि कानात म्हणाले, "ज्युलियस, टोपलीवर फडकं असतं. विचारलं, तर म्हणते इनासमावशीकडे जाते. इनासमावशी तर मुंबईला लेकाकडे आहे!" मी म्हटलं, मामा, बायकांचं काहीतरी असेल. "काहीतरी? दारूबंदीचे दिवस आहेत! फौजदाराच्या घरातून माल जातोय असं निघालं, तर तोंड कुठं दाखवू?" खरं सांगतो, माल गेला तरी चालला असता हो... पण इनेझ खोटं बोलली, ते लागलं होतं.

झालं! निघालो आम्ही पाळतीवर. मामांनी वेश पालटला. कमरेला कोयता, डोक्याला फडकं, अगदी वाडीवाला माळी. आणि पायात? पोलिसी बूट! करकर, करकर! जो भेटेल तो म्हणतोय, "काय फौजदारसाहेब, कुणाच्या मागावर?" पुढं सासूबाई टोपली घेऊन, मागं हे, त्यांच्या मागं मी, आणि माझ्या मागं गावातली दोन कुत्री. वर्दी उतरली, पण संशय काही उतरेना!

सासूबाई गेल्या थेट समुद्राकडं, सुरूच्या बनाजवळच्या एका झोपडीत. मामा जागीच थिजले. ती झोपडी हिरामणची! हातभट्टीवाला हिरामण, नोकरीतली शेवटची केस, स्वतः मामांनी मुद्देमालासकट पकडून तुरुंगात पाठवलेला! "बघितलंस?" मला म्हणाले, "नवरा आत, धंदा बाहेर, आणि भागीदार माझी बायको!" आणि कोयता टाकून घुसले आत. "टोपली उघड, इनेझ!"

उघडली. आत काय? भात. बांगड्याचं कालवण. चार केळी. हिरामणची बायको मालू, कडेवर मूल, भिंतीला चिकटून उभी.

सासूबाई शांत. "अहो, ओरडता काय? तुम्ही माणूस आत टाकता. घरी चूल कोण पेटवणार? डहाणूला होतो तेव्हापासून करत आलेय. ज्याला तुम्ही पकडलंत, त्याच्या घरी माझी टोपली गेलीच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर माझीच उलटतपासणी घेतली असती."

आता बोला! आयुष्यभर चोराच्या डोळ्यावरून चोरी ओळखणारा माणूस, आणि घरातला एवढा कारभार ठाऊक नाही! मामा मटकन उंबऱ्यावर बसले.  मग म्हणाले, "उद्यापासून टोपली मी आणीन. तुझे गुडघे दुखतात."

आणली हो! दुसऱ्या दिवशी फौजदार स्वतः टोपली घेऊन दारात. पण मालू काही हात लावेना. म्हणाली, "साहेब, आदी तुमी खा." "मी? का?" "तुमी पोलीस. यात काय घातलंय, कोनाला म्हाईत?" मी पोट धरून हसलो, पण मामांना ते पटलं! संशय घेतलेला त्यांना फार पटायचा. रोज मांडी घालून आधी स्वतः जेवायचे, मग मालू आणि मूल.

असेच एकदा जेवत असताना हिरामण सुटून आला. बघतो तर घरात फौजदार! दोन्ही हात वर. "साहेब, आत्ताच सुटलोय हो! अजून काहीच केलं नाय!" मामा म्हणाले, "बस. जेव." हिरामण ताटाकडं बघतोय, मामांकडं बघतोय... घास काही उचलेना.

पुढं दोघांची अशी गट्टी जमली, की रोज संध्याकाळी मामांच्या ओट्यावर पत्ते. मित्र म्हणावं, तर हे त्याची बाही चाचपायचे, तो यांचा खिसा. डाव कमी, झडती जास्त! शेवटच्या आजारात मामा पलंगावर, हिरामण पायाशी, तरी तेच! मी एकदा वैतागून सासूबाईंना म्हटलं, आई, यांना समजवा ना, एवढी दोस्ती आणि काडीचा विश्वास नाही!

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मानही वर केली नाही. म्हणाल्या, "राहू दे रे. दोघं एकमेकांवर लक्ष ठेवून आहेत, तेवढाच मला डोळा मिटायला मिळतो."