पुस्तकात नसलेला अकारा

हॅलो?… हां, मोजिसोला, बोल… काय?… अगं मोठ्यानं बोल, तुमच्या अकुरेत आजही लाईट नाही वाटतं, तो जनरेटर आधी बंद कर… केलास?… हां. आता बोल.

काय उतरवतेस?… बोर्ड?… कुठला बोर्ड?

थांब. थांब, थांब. माझ्या तोंडाचं चित्र आहे तो?… शिडी लावलीसुद्धा?… आणि माणूस वर चढलाय?… त्याला म्हणावं, एक स्क्रू सोडवायचा नाही. बसू दे वर, बसायचं तर… सांगितलंस?… मग आता सांग मला.

हो… हो… अगं ऐकतेय ना… रडू नकोस. हेडबाई होतीस तू, तुझ्या चपलांच्या आवाजानं वर्ग गप्प व्हायचे. चवळीच्या वड्यांच्या, एका अकाराच्या दुकानापायी रडतेस?

आज किती आले सकाळपासून?… चार?… शनिवारी?… अगं शनिवारी सकाळी अख्खा मुलूख अकारा खातो, ज्याच्या घरी चूल पेटलेली असते तोही बाहेरून आणतो… चार.

बरं. मला सांग, चवळी किती वेळ भिजवलीस?… चाळीस मिनिटं. सालं?… सगळी काढली… वाटताना पाणी?… अगदी बेतानं… फेटलंस?… हात भरून येईपर्यंत, बरोबर… कांदा, मिरची… तेल?… ताडाचंच… नाही गं, अविश्वास नाही तुझ्यावर, एकदा खात्री करतेय… वजनाचं तर विचारतच नाही… हो, बत्तीस ग्रॅम, माहितीये… काट्यावर घालतेस?… प्रत्येक?… गिऱ्हाइकासमोर?

हं.

नाही, काही नाही. हं म्हटलं नुसतं.

मग चुकतंय कुठं?… माझं नाव चालत नाही अकुरेत?… असेलही. इबादानमध्ये लोक आई मानून मामा अबेनी म्हणतात, म्हणून सगळीकडे चालेल असं थोडंच आहे… नाही, तू बोल, बोल… मी कुठं अडवतेय तुला? मलाच पंधरा दिवस चैन नाही. माझ्या फेयीला विचार. बसते, उठते, परत बसते, कढईवर असले की लक्ष तुझ्याकडं. दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, धंदा आहे, बसतो कधी कधी. तू निवृत्तीचे सगळे पैसे घातलेस माझ्या बोर्डाखाली. पन्नास वर्षांची मैत्रीण तू. जीव तुटतो माझा.

फेयी?… इथंच आहे, माझ्याकडं बघतेय… ती म्हणते, तिनं लिहून दिलेल्या पुस्तकात सगळं आहे. नव्वद पानं… म्हणते, आई इबादानला जे करते तेच अकुरेत तसंच्या तसं करायचं, हीच फ्रँचायझी, मग दुकान चालायलाच हवं… हो गं, मलाही तसंच वाटत होतं. लागोसला शिकून आलेली मुलगी, मी काय बोलणार तिच्यापुढं.

समोर कोण?… छत्रीखाली?… कढई घेऊन बसते एकटीच?… आणि रांग लागते?… तू जाऊन खाल्लास तिचा?… शाबास… मीठ जास्त. तेल जळकं. आकारही धड नाही. आणि तरी रांग?

मोजिसोला, ती करते काय?… पीठ सोड. पीठ नको सांगूस, ते ऐकून झालं. देते कशी ते सांग… तू सहा मागितलेस… हं… कागदात बांधले… हं… पैसे घेतले… मग?

मग काय केलं तिनं?

परत सांग.

… वर एक टाकला. न मागता… फुटका होता तर असू दे फुटका.

मोजिसोला, तू जारा देत नाहीस?

अगं जारा. पैसे देऊन झाल्यावर वर घालायचा तो… नाही म्हणजे?… पुस्तकात नाही म्हणजे काय, असं कसं होईल… फेयी, आण गं ते पुस्तक. बघ, जारा कुठल्या पानावर आहे… बघते ती, थांब… पुन्हा बघ…

नाही म्हणते. नव्वद पानांत कुठंच नाही.

दोन महिने ती वही घेऊन माझ्या शेजारी बसली होती गं. मी सांगायची, ती लिहायची. चवळी किती, आच किती, कढई कशी घासायची. जारा कोण सांगणार? श्वास घे असं लिहून देतं का कुणी? हात आपला जातो वर… मी ते करते हे मलाच माहीत नव्हतं, आत्ता तुझ्या तोंडून कळतंय.

पण तू?… तू कुठं परदेशातून आलीस? जारा घेतल्याशिवाय माझ्या दुकानातून कधी पाय काढलास का? एकदा कमी पडला तर आठ दिवस रुसली होतीस… मग?… काय वाटलं तुला?… दुसऱ्याच्या नावाचं दुकान, आपण फुकट कसं वाटायचं… चोरी?… अगं बाई माझे. प्रामाणिकपणा नडला की तुला.

आणि फुटतात त्यांचं काय करतेस?… टाकून देतेस?… कुणी सांगितलं?… पान एक्केचाळीस… हो. हो, खाली सही माझीच आहे.

कधी कुणी मागितला नाही?… मागितला?… कोण?… पोटुशी होती?… आणि तू काय दिलंस?

दराची पाटी दाखवलीस.

… बोट लावून?

नाही, रागावले नाही. जरा बसते खाली… अगं त्या बाईनं दुपारच्या आत सगळ्या बाजाराला सांगितलं असेल. चार गिऱ्हाइकं तरी आली हेच नशीब. त्यांच्या कानावर गेलं नसेल अजून.

लिहून देऊ?… काय लिहून देऊ?… सहावर एक?… नको. तसं लिहिलं की सात हाच भाव झाला, लोक मोजून घेतील, मग जारा कशाला म्हणायचं… मला सांगता येत नाही गं. कुणाला एक, कुणाला दोन. म्हाताऱ्याला मऊ बघून. नवऱ्याशी भांडून आलेलीला जरा जास्त… कसं कळतं म्हणजे? तोंडावर दिसतं की… नाही, नियम नाही. तीस वर्षं गणित शिकवलंस, आता एवढं एक गणिताशिवाय कर.

मोजिसोला, खरं सांगू? भीती वाटते मला. वाटतं, जे चालत होतं ते माझ्या हातातच राहिलं आणि तुला मी नुसती कृती विकली. हात कसा विकायचा माणसानं?… हॅलो?

कोण आलं?… गिऱ्हाईक?… फोन ठेवू नकोस. खांद्यात धर आणि मी सांगते तसं कर. किती मागते?… चार. दे चार… काट्यावर नको. काटा उचल, खाली पायाशी ठेव… ठेवलास?… बांध कागद. पैसे घे… आत्ता नाही. थांब. आधीच टाकलास तर तिला वाटेल चारचेच पाच आहेत… वळली?… दोन पावलं जाऊ दे… हाक मार आता… काहीही म्हण, अगं बाई म्हण… आणि ते पुस्तकातलं हसू नको हं, नसेल येत हसू तर राहू दे… दे आता.

…

मोजिसोला?

… मागे फिरली?… घेतला?… मग गेली?… नाही गेली?… उभ्याउभ्याच खातेय… खाऊ दे. तू बघत नको उभी राहूस तिच्याकडं, कढईकडं बघ… हो, वेळ लागतो. खाऊ दे तिला.

काय विचारते?… मला नीट ऐकू येत नाही, तूच सांग… तुला काय म्हणून हाक मारायची?… मग सांग ना… काय सांगितलंस?… मामा अबेनी?

अगं, अबेनी मी… बोर्डावर असेना का. ती तुझं नाव विचारतेय. तुझं… तीन महिन्यांत एकानंही विचारलं नव्हतं?… बरं, बरं. पूस डोळे, ती बघतेय… माझ्याशी काय बोलत बसलीस आता… हो, मीच ठेवते फोन. तू नाव सांग तिला.