आठ दिवस कपाटावर

कुरिअरच्या रांगेत पुढे सासू-सून. सुनेच्या हातात ऑनलाइन मागवलेली, न फोडलेली तीन खोकी. मागे उभ्या एका शिवणकामवाल्या ताईंचे कान तिकडेच.

"आई, एक तरी फोडू द्या ना!"

"आठ दिवस कपाटावर ठेवायचं, आत काय आहे ते आठवलं तर फोडायचं, नाहीतर परत. तूच ठरवलंस ना?"

"ठरवलं खरं. पगार पंधरा तारखेलाच संपला होता तेव्हा."

"मग सांग, ह्यात काय आहे?"

"काहीतरी निळं."

"परत. ह्यात?"

"स्वस्त होतं, एवढं नक्की."

"परत. आणि हे?"

"हे... अगं बाई! आई, तुमच्या गुडघ्याचा पट्टा!"

"म्हणजे आठ दिवस मी तशीच जिने चढले?"

"नियम होता ना. घरी जाऊन फोडू."

"घरी कशाला? घरी पोचायला तीन जिने चढायचेत. इथेच फोड!"