कादंबरीतली चंद्री

घरात कोंडून घेतलं की कादंबरी आपोआप होते, ही थाप ज्याने मारली तो कधी घरात बसलाच नसणार. फ्लूच्या साथीत चामोर्शीचा बाजारसुद्धा बंद पडला, तेव्हा मी दिवसभर जुनीच पुस्तकं वाचायचो आणि संध्याकाळी स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायचो. कुडापलीकडे शेजारच्या सखूबाई तापाने पडून होत्या. एकदा तिकडून आवाज आला.

"भाऊ, तुमची चंद्री तापानं मरते का जी?"

"मरावंच लागेल, बाई. त्याशिवाय समाज जागा होणार नाही."

"समाजाले जागवाले तिले काऊन मारून राह्यले? मालगुजाराले मारा ना!"

मी चिडलो; मालगुजार म्हणजे माझ्या कादंबरीतला जुलमी जमीनदार, तो मेला तर गोष्टच संपते, असा वाद घातला. पण शेवटी चंद्रीचा ताप उतरवला, तिला धानाच्या रोवणीला उभं केलं आणि कुडाशी बसून वाचून दाखवलं.

"हाव, आता बरं वाटून राह्यलं," सखूबाई म्हणाल्या.

साथ ओसरली, पण सखूबाई त्याआधीच गेल्या. त्यांचा नवरा मारोतीभाऊ दारात भेटला, तेव्हा मी हात जोडले. तो म्हणाला, "जाऊ द्या, भाऊ. तुमची तं वाचली."