गाडी गप्प केली त्याची गोष्ट

नाही, मला एक सांगा, रणगाडा म्हणावं का हो कुणी? स्वतःच्या नवऱ्याच्या गाडीला? रणगाडा! आणि तेही भर पार्किंगमध्ये, लोक येता-जाता ऐकतायत, ही एक पाय गाडीत आणि एक पाय बाहेर अशी उभी, आणि म्हणते, 'अहो, या रणगाड्यात मी नाही बसायची. डोकं उठतं माझं. मी आपली दादाच्या गाडीतून जाते, तुम्ही या मागून.' या मागून! मी काय सामानाचा टेम्पो आहे?

तुम्हाला सांगतो, दर रविवारी आम्ही लेकीकडे जातो. लेक राहते इथे, आमच्या शेजारच्या गावात. आणि हिचा दादा, म्हणजे माझा मेव्हणा, त्याचं दुकान नेमकं त्याच गावात, आणि तो राहायला नेमका आमच्याच बिल्डिंगमध्ये! माणूस लग्न करताना सगळं बघतो हो, पण बायकोचा भाऊ पुढे फ्लॅट कुठे घेणार हे कोण बघतं? तर त्याने घेतली नवी गाडी. इतकी गप्प, इतकी गप्प, की चालू आहे का बंद हे वाकून बघावं लागतं. झालं! ही त्या गाडीत, आणि मी मागे, एकटा, समोरच्या काचेतून हिचा अंबाडा बघत. पुढे दोघं हसतायत, बोलतायत, हिचे हात हलतायत... आणि माझ्या शेजारच्या सीटवर कोण? लेकीसाठी भरलेली पिशवी. पट्टा लावून बसवलेली! हसू नका. वाईट वाटतं हो. अख्खा संसार त्या दोन सीटांवर झाला आमचा. लेकीला कॉलेजात पोचवून परत येताना ही त्याच सीटवर बसून रडली होती आणि मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी आणली होती. ती सीट रिकामी नाही बघवत मला. सरळ सांगतो, नाही बघवत.

आता आवाज होता, खोटं कशाला बोलू? चाकांचा घोंघाट होता, पत्रा थरथरायचा, गिअर बदलला की मागचं दार काहीतरी उलट बोलायचं. पण म्हणून रणगाडा?

गेलो गॅरेजमध्ये. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावर टकटक केलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना घेतात तसं मला बाजूला घेतलं. 'साहेब, सगळी गाडी आतून सोलायला लागेल. पत्र्याला शीट मारायच्या, वरून फोम लावायचा, मग पुन्हा सगळं बसवायचं. गाडी सोडून जा. आणि स्वतः करायच्या भानगडीत पडू नका हां! हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.'

ऐरागैरा? मी? अहो, काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात हयात गेली माझी! मी भरलेलं खोकं खुशाल जिन्यावरून सोडून द्या, आतला एक पेला दुसऱ्या पेल्याला शिवणार नाही. पॅकिंगचा कायदा एकच... मोकळी जागा दिसली की भरा, भोक दिसलं की बुजवा! आणि गाडी म्हणजे काय हो शेवटी? चाकं लावलेलं खोकंच ना? म्हटलं, मीच करणार. तो म्हणाला, 'पस्तावाल.' ही म्हणाली, 'अहो, नका.' दादा म्हणाला, 'भावोजी, त्यापेक्षा विकून टाका.' पण मी ऐकतोय होय!

शीट आणल्या. काळ्या, डांबराच्या जातीच्या, एका अंगाला चंदेरी कागद आणि दुसऱ्या अंगाला असला चिकटा, असला चिकटा... एकदा धरलं की सोडायचं नावच नाही. पत्र्याला चिकटवायची की पत्रा थरथरत नाही, एवढंच शास्त्र. पण त्याआधी दाराचं आतलं पॅनेल काढायचं. ते क्लिपांवर बसवलेलं असतं. ओढायचं अलगद. मी ओढलं अलगद... टक्! क्लिप तुटली. आणखी अलगद ओढलं... टक्! टक्! ज्याने कुणी या क्लिपा शोधून काढल्या ना, त्याला एकदा पॅनेल काढायला माझ्यासमोर बसवा, बाकी काही मागणं नाही माझं.

आणि हे सगळं कुणाच्या देखत? तर सूचनाकाकांच्या! आमचे तळमजल्यावरचे शेजारी. निवृत्त झाल्यापासून पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि जगाला सूचना देतात, म्हणून सूचनाकाका. 'पत्रा पुसून घेतलात का?' घेतला. 'नीट पुसलात?' नीट पुसला. 'ड्रायरने शीट गरम करायची असते बरं का.' करतोय ना, दिसत नाही का, हिचा केसांचा ड्रायर आणलाय तो काय मी माझ्या टकलाला आणलाय? 'आणि रोलरने दाबायची असते. रोलर आहे?' आता रोलर नव्हता. पण म्हणून माघार घ्यायची? वर गेलो, लाटणं घेऊन आलो! अहो, काय सुंदर बसते शीट लाटण्याने! तेवढ्यात वरून हिचा आवाज, 'अहो, माझं लाटणं दिसत नाही कुठे?' मी गाडीत खाली वाकून बसलो. सूचनाकाकांनी बोट दाखवून सांगितलं, 'इकडे आहे, वहिनी!' शत्रू लांबून यावे लागत नाहीत हो.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात नवं लाटणं आहे आणि मला उलटं उत्तर मिळतं. पण मी थांबतोय होय! एकेका दाराला भिडलो. कोपराला शीट चिकटली, ती काढताना केस गेले. पाठीला एक चिकटली ती मला माहीतच नाही, तसाच लिफ्टमधून वर गेलो, लोक मला मागून चमकताना बघत होते. आणि मग दाराच्या तळाशी मला दिसली... भोकं! छोटी छोटी, ओळीत. आता पॅकिंगवाल्या माणसाला भोक दिसल्यावर काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं. हात शिवशिवतात! घेतला शीटचा तुकडा, दिला आतून थापून. चारही दारांची सगळी भोकं, घट्ट! सूचनाकाका खुर्चीतून अर्धे उठले. 'अहो, ती सोडा! ती पाण्यासाठी असतात!'

'पाण्यासाठी? दारात पाणी? दाराला काय नळ आहे?'

'अहो, पण...'

मी ऐकतोय होय!

झालं काम. दार लावून बघितलं. आधी कसं व्हायचं, खण्णण! आणि आता... धप्प. पुन्हा उघडलं. धप्प! जाड माणूस सोफ्यावर बसावा तसा आवाज. मी ते दार किती वेळा लावलं विचारू नका. डोळे भरून आले माझे. त्या आनंदात गाडी धुवायला घेतली. पाइप लावला, टपावर मारला, काचांवर मारला, मनसोक्त मारला. हिला रविवारी लख्ख गाडीत बसवायची होती ना!

रविवारी पार्किंगमध्ये दादा त्याच्या गाडीचं दार उघडून उभा. मी हिच्यासमोर गेलो. म्हटलं, 'अगं, एकदा बस. फक्त आज. आजही डोकं उठलं ना, तर पुन्हा कधी म्हणणार नाही. जन्मभर दादाच्या गाडीतून जा, मी येईन मागून.' हिने पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि पुढे बसली. धप्प! दादाला म्हटलं, आता तू ये मागून!

निघालो. काय शांतता! काय शांतता! पहिलं वळण आलं आणि... डुबुक.

'अहो, काय वाजलं?'

'कुठे काय?'

पुढे सिग्नल. दाबला ब्रेक. खळ्ळ्! चारही दारांतलं पाणी पुढे. सोडला ब्रेक, खळ्ळ्! पाणी मागे. चारही दारं एका सुरात चूळ भरत होती हो! मी धुतलेलं सगळं पाणी काचांच्या फटीतून आत उतरलं होतं, आणि बाहेर जायची भोकं... ती कुणी बुजवली ते तुम्हाला माहीत आहे. हिने पाय वर घेतले. 'अहो, आपण गाडीत आहोत का होडीत?'

घेतली गाडी बाजूला. मागून दादा आलाच, नवे बूट घालून, दाराला कान लावून म्हणतो कसा, 'भावोजी, मासे पाळलेत का?' आणि लगेच हिला, 'चल गं, बस माझ्या गाडीत.' हिने कडी ओढून दार अर्धं उघडलं. ही आज उतरणार आणि पुन्हा कधी ती सीट... छे! काढला स्क्रू-ड्रायव्हर, झोपलो रस्त्यावर, शर्ट-बिर्ट गेला खड्ड्यात, आणि खालून एकेक भोक मोकळं करत सुटलो! पहिली धार माझ्या तोंडावर. दुसरी शर्टात. आणि तिसरी... तिसरी नेमकी दादाच्या बुटांवर! तो एका पायावर नाचतोय, मी झोपलेला तसाच 'सॉरी, सॉरी' म्हणत पुढच्या दाराकडे सरकतोय, आणि ही... ही हसत सुटली. इतकी हसली, इतकी हसली, की तशीच सीटवर टेकली, डोळे पुसले आणि आतून दार ओढून घेतलं. धप्प!

जिंकलो ना! सांगा, जिंकलो का नाही? दार कोरडं, गाडी गप्प, बायको शेजारी. मग काय, मीही बोलायला लागलो. कितीतरी रविवारांचं साठलं होतं हो! क्लिपांचं सांगितलं, सूचनाकाकांचं सांगितलं, गॅरेजवाल्याची नक्कल केली, मग पॅकिंग खात्यातलं, मग आमचा जुना साहेब, मग साहेबाचा मेव्हणा... ही आपली 'हं', 'हं' करतेय. आणि एकदम म्हणाली, 'अहो, एक विचारू?'

'विचार ना!'

'आधीसुद्धा तुम्ही गाडीत एवढंच बोलायचात?'

'हो मग! सुरुवातीपासून!'

हिने खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, 'मला इतकी वर्षं वाटायचं, तो सगळा आवाज गाडीचाच आहे.'

आता ती बसते माझ्याच गाडीत. दर रविवारी. दादा येतो मागून, एकटा. अट एकच घातलीय हिने, गाडी सुरू झाली की मी तोंड उघडायचं नाही. शेजारी हवीय ना ती मला? मग पाळतो. काय करणार! म्हणून तर लेकीकडे पोचल्यापासून तुम्हाला धरून बसलोय... बघा, वाजला हॉर्न. खाली जाऊन बसली वाटतं. चला, निघतो. अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय हो, पण आता घरापर्यंत एक अक्षर नाही.