धानकीबाईचं बंद पान

हेमसिंग : चोर हाय तो तुमचा जिल्ह्याचा साहेब! धडधडीत चोर! माह्या आजीच्या गान्याचं हे पुस्तक काचंच्या पेटीत कोंडाले निंघाला, अन् वरून हुकूम धाडते, ‘पाने कापू नयेत’!

निता : हेमसिंगकाका, वाचनालय हाय हे. हळू बोला.

हेमसिंग : कोन हाय इथं आयकाले? तू, मी अन् माही याडी, माही माय. सत्तर वर्सांत हे पुस्तक कोनी उघडलं नाई, अन् म्हने वाचनालय!

निता : म्हनूनच त मोलाचं झालं ते. बाकीच्या प्रती लोकायनं कापल्या, वाचल्या, फाडल्या. छापखान्यातून निंघाली तशी, जोडपानाची, कडा न कापलेली, ही एकच उरली.

हेमसिंग : म्हंजे वाचलं का बाटलं! वा रे शिकेल लोकं!

नानीबाई : पोरी, पुस्तक जिल्ह्याले न्याले उद्या गाडी येते म्हन्तात. खरं काय?

निता : व्हय आजी. दहा वाजता. पानं बंद हायेत अशी सही मले करून द्या लागते. कापली त माही नोकरी गेली समजा.

नानीबाई : अन् आयतवारी माह्या नातीचं, रंजीताचं लगन हाय. सासरी जातानी नवरी गळ्यात पडून ढावलो म्हन्ते, रडते. मायनं लेकीले शिकवा लागते तो. माही माय मी दोन वर्साची असतानी मेली. माह्या लग्नात मी चुलतीचा ढावलो रडली. उसना! आता रंजीतालेबी माय नाई, मीच हावो. तिले काय उसनंच देऊ?

निता : थांबा. मोबाईलची बॅटरी लावून पायते. पान वरून जुळेल हाय, बाजूनं थोडं फाकते… हं. ‘मेडशीजवळच्या तांड्यावरील नवी नवरी धानकीबाई हिने गायिलेला ढावलो.’

नानीबाई : माय व्हय माही! पुढं?

निता : ‘याडी ये, तारो आंगणो…’ बस. बाकीचं घडीच्या आत गेलं.

नानीबाई : आंगनाचं काय?

निता : दिसत नाई, आजी.

हेमसिंग : सर बाजूले. सोयाबीन सोंगाचा इळा हाय माह्या थैलीत.

निता : काका, इळा नोका लावू! चिंध्या होतीन!

हेमसिंग : मंग लाव त्या साहेबाले फोन!

निता : सकाळीच लावला होता. म्हने, ‘म्हातारीला सांगा, पुढच्या महिन्यात या आणि काचेतून बघा.’

नानीबाई : बंद पान काचंतून पाहू? मले त उघडंबी वाचता येत नाई, बाई.

हेमसिंग : आयकलं? आता बोल.

निता : तो इळा ठेवा तिकडं. टेबलावरचं पोस्टकार्ड द्या मले. घडीत घालून हळू हळू ओढा लागते.

हेमसिंग : अन् सही?

निता : खोटी सही नाई करनार मी. लिवते, ‘पाने कापली. कापणारी, निता. कारण, वाचायची होती.’

(कागद सरसर उकलत जातो.)

हेमसिंग : उद्या साहेब इचारन तुले.

नानीबाई : त्याचं उद्या पाहू. पोरी, तू आंधी मले सांग, आंगनाचं काय म्हने माही माय?