राधाकिशन सरांचं अक्षर

…हातानं लिवलेला अर्ज? चालतोय की, न चालायला काय झालं! पर अक्षर लागाय पाह्यजे, दादा. आमच्या युसूफ वडगावात राधाकिशन सर हायत — रिटायर मास्तर, कथा लिवतात — त्यांचं समदं टाईपिंग ह्याच दुकानात, मीच करते, अकरा वर्षं झाली. अक्षर कसं? मुंगळा शाईत पडून कागदावरून पळाल्यावानी. त्यांचं त्यांलाच लागत न्हाई. फोन करून इचारलं, 'सर, हे काय लिवलंय?' तर म्हनायचे, 'शिवकांता, मागचं-पुढचं वाच, कळंल.' वाचलं. कळलं बी. तितंच बिघडलं.

एका दिवाळी अंकाची शेवटची तारीख, अन् सर लग्नाला नेकनूरला गेलते, फोन बंद. कथेत एक सुंदरबाई — नवरा रोज छळतोय, ही सोसतीय, सोसतीय — अन् शेवटाला 'सुंदरबाईनं नवऱ्याच्या डोक्यात', पुढं शाई फुटलेली, मग 'घातली'. काय घातली? लई इचार केला — चहा गार झाला माझा — अन् टाईप केलं, जेवायची पितळी घातली. दिलं पाठवून. मागून कळलं, सरांनी 'टोपी' लिवलतं! तो गावाला निघालता, तिनं मायेनं टोपी घातली. आता तुमीच सांगा, असल्या मानसाला टोपी कावून घालायची? बक्षीस मिळालं त्या कथेला! 'धगधगता शेवट' म्हनून छापून आलं. सर शाल पांघरून दुकानात आले, पेढा दिला, पितळीचं नाव काढलं न्हाई. मग काय — पुढं मी कधी एखादी ओळ, कधी एखादं पान… अगं बया, तुमाला कावून सांगायले मी हे!

तर गेल्या साली लेकानं पुन्याहून ल्यापटॉप धाडला. सर म्हनले, 'आता मी सोताच टाईप करनार.' करा की! मला काय, आधार कार्डाच्या झेरॉक्स हायतच. चार महिने एका बोटानं एक कथा बडवली, अन् संपादकाचं उत्तर आलं — पहिल्यावानी धग न्हाई. मला कसं ठाव? त्याची प्रिंट काढायला इथंच आलते. हसले न्हाई मी. सत्तरीचा मानूस, कागदाची बारीक घडी घालून खिशात ठिवली अन् गेला — घरी जाऊन घास गेला न्हाई मला.

अन् आज सकाळी आले, हातानं लिवलेले कागद घेऊन. 'यंत्रावर सुचत न्हाई गं.' बघते तर पहिली दोन पानं नीट, अन् तिसऱ्यापासनं नुसत्या रेघा, दादा! अक्षर म्हनून एक न्हाई — ह्या कडेपासनं त्या कडेपर्यंत नागमोडी रेघ, अशी नऊ पानं, अन् खाली ठळक 'समाप्त'. म्हनलं, 'सर, हे काय?' तर चष्मा पुसत म्हनले, 'तुला लागतंय की माझं अक्षर.'

…

तुमचा अर्ज? उद्या या. न्हाई, आज न्हाई व्हायचा — तिसरं पान सुरू करायचंय मला. निघा बरं. अन् जाताना शटर अर्धं वढून घ्या.