बंद न झालेलं ॲप

चूक वानखेडे सरांची, आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर प्रोग्रामरची होती, हे आधीच सांगून टाकतो. रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात कोड तपासणाऱ्या टेस्टची स्क्रिप्ट त्यांचीच: ॲप सुरू करायचं, टेस्ट चालवायच्या, ॲप बंद करायचं. पण एखादी टेस्ट फेल झाली की स्क्रिप्ट तिथंच थांबायची आणि ॲप चालूच राहायचं. आदल्या दिवशी मध्येच नेट गेल्यानं तसंच झालं. मी नवा कोड टाकला, पण टेस्ट चालल्या त्या जुन्याच ॲपवर. सगळ्या पास! मग ग्राहकासमोर नवं ॲप उघडलं, तर पहिल्याच बटनाला कोसळलं.

ग्राहक जाताच मालक माझ्यावर धावले. "कॉलेज सोडलेल्याले ठेवलं, तिथंच चुकलो! उद्यापासून येऊ नको."

मी बॅग भरायला लागलो; सर काही बोलतील, अशी आशा नव्हती. म्हातारे स्वतःचं झाकतात, हे मला घरापासून ठाऊक.

"त्याले काहून बोलून राहिले?" सर उठले. "कोड सगळ्याईचाच चुकते. पकडायले टेस्ट असते. माह्या स्क्रिप्टनं जुनं ॲप बंदच केलं नाही."

मालक म्हणाले, "सर, पुढचे मॅनेजर तुम्ही. जरा सांभाळून बोला."

"सांभाळूनच बोलून राहिलो."

असा म्हातारा मी दुसरा पाहिला नाही.

माझी नोकरी राहिली. सर मॅनेजर झाले नाहीत.